जुनी लेन्स, नवा कॅमेरा



फिल्मवर छायाचित्रे घेणारे कॅमेरे आता बहुतेक घरांतून कपाटाच्या वरच्या खणात जाऊन बसले आहेत. त्यांचा प्रकाशमापक बंद पडलेला असतो, शटर अडकते आणि फिल्म सहजासहजी मिळत नाही. असा कॅमेरा अखेरीस भंगारात जातो आणि त्याच्याबरोबर त्याची लेन्सही जाते. ही मात्र हळहळण्यासारखी गोष्ट आहे. कॅमेऱ्याची यंत्रणा जुनी होते, पण काचेतून जाताना प्रकाशकिरण किती वळावा याचा नियम जुना होत नाही. १९७० साली घासून तयार केलेली भिंगे आजही तितक्याच नेमकेपणाने प्रतिमा पाडतात. प्रश्न एवढाच, की ती प्रतिमा फिल्मऐवजी डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पाडायची कशी?

यासाठी बाजारात अडॅप्टर मिळतात. अडॅप्टर म्हणजे धातूचे एक पोकळ कडे. त्याच्या एका तोंडाला जुनी लेन्स बसते आणि दुसरे तोंड नव्या कॅमेऱ्यावर बसते. साध्या अडॅप्टरमध्ये काच नसते, विजेची तारही नसते. तरीही त्याची करामत पाहण्यासारखी आहे. आटे असलेली एखादी जुनी ५० मि.मी.ची लेन्स योग्य कडे लावून निकॉनच्या झेड जातीच्या कॅमेऱ्यावर चढवली, तर दूरचा डोंगर स्वच्छ दिसतो. तीच लेन्स तशाच पोकळ कड्याने निकॉनच्याच आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर चढवली, तर साधारण अडीच मीटरपलीकडचे सारे धूसर! लेन्स तीच, कंपनीही तीच. मग असे का व्हावे? याचे उत्तर तुमच्या पाठ्यपुस्तकातल्या भिंगाच्या सूत्रात आहे.

सूत्र काय सांगते?

वस्तूचे भिंगापासूनचे अंतर ‘व’, प्रतिमेचे अंतर ‘प’ आणि भिंगाचे नाभीय अंतर ‘न’ मानू. अंतरांची चिन्हे बाजूला ठेवून नुसते आकडे घेतले, तर पडद्यावर पडणाऱ्या खऱ्या प्रतिमेसाठी

१/व + १/प = १/न

हे सूत्र तुम्हांला ठाऊकच आहे. आता न = ५० मि.मी. असे भिंग घ्या आणि वस्तू जवळ आणत प्रतिमा कोठे पडते ते काढा.

वस्तू अनंत अंतरावर : प्रतिमा ५०.०० मि.मी.वर
वस्तू १० मीटरवर : प्रतिमा ५०.२५ मि.मी.वर
वस्तू ५ मीटरवर : प्रतिमा ५०.५१ मि.मी.वर
वस्तू १ मीटरवर : प्रतिमा ५२.६३ मि.मी.वर
वस्तू अर्ध्या मीटरवर : प्रतिमा ५५.५६ मि.मी.वर

हे आकडे नीट पाहा. वस्तू क्षितिजापासून थेट ५ मीटरपर्यंत आली, तरी प्रतिमा जेमतेम अर्धा मिलिमीटर सरकली! लेन्सवरचे फोकसचे कडे फिरवले की लेन्स सूक्ष्म आट्यांवरून पुढेमागे सरकते, ती हा फरक भरून काढण्यासाठीच. आडव्या आठासारखे अनंताचे चिन्ह खुणेसमोर आणले की लेन्स पूर्ण आत गेलेली असते. तेथून पुढे तिला बाहेर काढता येते. आणखी आत ढकलता येत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

येथे एक खुलासा करायला हवा. कॅमेऱ्याची लेन्स म्हणजे एकच भिंग नसते. धातूच्या नळीत चार, सहा किंवा त्याहूनही अधिक भिंगे एकामागे एक बसवलेली असतात. मग अंतर मोजायचे कोणत्या भिंगापासून? वापरणाऱ्याला या भानगडीत पडावे लागू नये, म्हणून कारखानदारांनी एक सोय केली आहे. लेन्स कॅमेऱ्याला जेथे टेकते त्या धातूच्या सपाट कडेला आपण बैठक म्हणू. या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर प्रत्येक जातीच्या कॅमेऱ्यासाठी कायमचे ठरवून दिलेले असते. लेन्स अनंतावर लावली की दूरच्या वस्तूची प्रतिमा बैठकीपासून बरोबर तेवढ्या अंतरावर पडेल, अशीच ती बनवतात. छायाचित्रकार याला फ्लँज अंतर म्हणतात. आपण त्याला बैठक-अंतर म्हणू या.

आरशासाठी राखलेली जागा

निरनिराळ्या कॅमेऱ्यांची बैठक-अंतरे आणि ते माउंट, म्हणजे लेन्स अडकवण्याची पद्धत, बाजारात आल्याचे वर्ष पुढे दिले आहे.

एम-४२, आट्यांचा (१९४९) : ४५.४६ मि.मी.
लायका एम (१९५४) : २७.८ मि.मी.
मिनोल्टा एसआर (१९५८) : ४३.५ मि.मी.
निकॉन एफ (१९५९) : ४६.५ मि.मी.
कॅनन एफडी (१९७१) : ४२ मि.मी.
कॅनन ईएफ (१९८७) : ४४ मि.मी.
सोनी ई (२०१०) : १८ मि.मी.
फुजीफिल्म एक्स (२०१२) : १७.७ मि.मी.
निकॉन झेड (२०१८) : १६ मि.मी.
कॅनन आरएफ (२०१८) : २० मि.मी.

या यादीत दोन गट सहज दिसतात. एक चाळीस ते सत्तेचाळीसच्या घरातला, दुसरा वीस किंवा त्याहून कमी असलेला. हा फरक कशामुळे पडला? आरशामुळे. एका लेन्सच्या परावर्ती कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे ४५ अंशांत तिरपा आरसा असतो. लेन्समधून आलेला प्रकाश तो वर वळवतो आणि आपल्याला दृश्य दिसते. बटण दाबताच आरसा टपकन वर उचलला जातो आणि प्रकाश फिल्मवर पडतो. हा आरसा हलण्यासाठी लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये मोकळी जागा सोडावीच लागते.

या जागेने लेन्स बनवणाऱ्यांनाही घाम फोडला होता. २८ किंवा ३५ मि.मी. नाभीय अंतराचे साधे भिंग फिल्मपासून तेवढ्याच अंतरावर हवे. पण तेथे तर आरसा! यावर १९५० साली फ्रान्समधील पिएर आंजेनिए यांनी ३५ मि.मी.ची एक लेन्स बाजारात आणली. तिच्या पुढच्या भागात अंतर्गोल भिंग आणि मागे बहिर्गोल भिंगांचा गट होता. या रचनेमुळे नाभीय अंतर लहान राहूनही शेवटचे भिंग फिल्मपासून बरेच दूर राहू शकले. आरशाच्या कॅमेऱ्यांसाठी पुढे निघालेल्या बहुतेक रुंद कोनाच्या लेन्स याच तत्त्वावर बनल्या.

लायकाच्या एम जातीच्या कॅमेऱ्यात आरसा नाही. दृश्य पाहण्याची खिडकी वेगळी असल्याने त्याचे बैठक-अंतर २७.८ मि.मी.च आहे. आणि २००८ नंतर जे बिनआरशाचे डिजिटल कॅमेरे आले, त्यांत सेन्सरवर पडलेली प्रतिमाच छोट्या पडद्यावर दाखवली जाते. आरसा गेला, त्याची जागाही गेली आणि कॅमेरा चपटा झाला. जुन्या लेन्सचे भाग्य उघडले ते या बदलामुळे.

एक वजाबाकी करा

आता अडॅप्टरचे रहस्य उलगडणे अवघड नाही. जुन्या लेन्सची प्रतिमा तिच्या बैठकीपासून ४५.४६ मि.मी.वर पडते. सोनी ई जातीच्या कॅमेऱ्यात बैठकीपासून सेन्सर १८ मि.मी.वर आहे. म्हणजे लेन्स कॅमेऱ्याच्या बैठकीपुढे

४५.४६ − १८ = २७.४६ मि.मी.

एवढी दूर धरली, की काम झाले. अडॅप्टरची जाडी नेमकी हीच असते. पोकळ कडे म्हणजे हरवलेल्या आरशाची जागा, धातूने परत आणलेली! निकॉन एफची लेन्स निकॉन झेडवर बसवायला किती जाडीचे कडे लागेल? ४६.५ मधून १६ वजा करा : ३०.५ मि.मी. लायका एमची लेन्स सोनी ईवर? ९.८ मि.मी. कोणतेही अडॅप्टर विकत घेण्यापूर्वी ही वजाबाकी करून पाहावी.

वजाबाकीचे उत्तर ऋण आले तर? एम-४२ची लेन्स निकॉन एफवर बसवायची असेल, तर ४५.४६ − ४६.५ = −१.०४ मि.मी. कड्याची जाडी ऋण असू शकत नाही. लेन्स १.०४ मि.मी. आत जायला हवी, पण तेथे कॅमेऱ्याचे तोंडच आडवे येते. कडे कितीही पातळ केले, तरी लेन्स सेन्सरपासून निदान एवढी दूर राहणारच.

याचा परिणाम काढण्यासाठी भिंगाचे सूत्र न्यूटनने दिलेल्या सुटसुटीत रूपात घेऊ. वस्तू पुढच्या नाभीपासून जितकी दूर आणि प्रतिमा मागच्या नाभीपासून जितकी दूर, त्या दोन अंतरांचा गुणाकार नाभीय अंतराच्या वर्गाइतका असतो. ५० मि.मी.च्या लेन्ससाठी हा वर्ग २५००. प्रतिमा नाभीपासून किमान १.०४ मि.मी. दूर असेल, तर वस्तू जास्तीत जास्त २५०० ÷ १.०४, म्हणजे सुमारे २४०० मि.मी. दूर असू शकते. झाले! अडीच मीटरपलीकडचे धूसर का, ते कळले. लेख सुरू करताना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे.

१९८७ साली कॅननने आपली एफडी पद्धत सोडून ईएफ पद्धत आणली, तेव्हा बैठक-अंतर ४२ वरून ४४ मि.मी. झाले. म्हणजे एफडीची ५० मि.मी.ची लेन्स नव्या ईएफ कॅमेऱ्यावर साध्या कड्याने बसवली, तर २५०० ÷ २ = १२५० मि.मी., म्हणजे सव्वा मीटरपलीकडे काही स्पष्ट दिसणार नाही. दोन मिलिमीटरच्या फरकाने ज्या लेन्स निरुपयोगी ठरल्या, त्याच आज २२ मि.मी.च्या कड्याने कॅनन आरएफवर उत्तम चालतात. अशा ऋण प्रसंगी काही अडॅप्टरमध्ये एक सौम्य अंतर्गोल भिंगसमूह बसवलेला असतो. तो किरणांचे एकत्र येणे थोडे लांबवतो आणि प्रतिमा मागे ढकलतो. पण त्यामुळे नाभीय अंतर वाढते आणि भिंग सामान्य प्रतीचे असेल तर प्रतिमेची धारही बोथट होते. उलट, फुले किंवा कीटक यांची जवळून छायाचित्रे घ्यायची असतील, तर लेन्स पुढे सरकल्याचा फायदाच होतो. त्यासाठी मुद्दाम मधे कडी घालतात.

दशांश मिलिमीटरची किंमत

अडॅप्टर किती अचूक हवे? समजा, कडे ०.१ मि.मी. जाड झाले. ही चूक साधारण एका कागदाच्या जाडीएवढी आहे. न्यूटनच्या सूत्राने पाहा :

५० मि.मी.ची लेन्स : २५०० ÷ ०.१ = २५,००० मि.मी., म्हणजे २५ मीटरपर्यंतच स्पष्ट.
२८ मि.मी.ची लेन्स : ७८४ ÷ ०.१ = ७,८४० मि.मी., म्हणजे ८ मीटरहूनही कमी.
१३५ मि.मी.ची लेन्स : १८,२२५ ÷ ०.१ = १,८२,२५० मि.मी., म्हणजे १८२ मीटर.

नाभीय अंतर जितके लहान, तितकी कड्याची चूक अधिक छळते. म्हणून पुष्कळ कारखानदार कडे मुद्दामच किंचित पातळ ठेवतात. मग लेन्स अनंताच्याही पलीकडे जाते, पण निदान अनंत हातचे जात नाही. अशा कड्यावर लेन्सवरचे मीटरचे आकडे खरे मानू नयेत. पडद्यावर प्रतिमा मोठी करून पाहावी आणि स्वतः फोकस करावा.

ही चूक झाकण्याचा एक उपायही आहे : छिद्र लहान करणे. लेन्सवर २, २.८, ४, ५.६, ८ असे आकडे असतात. नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की हा आकडा मिळतो. एफ/२ वर ५८ मि.मी.च्या लेन्सचे छिद्र २९ मि.मी. रुंद असते. प्रतिमेकडे येणारा प्रकाशाचा शंकू तेव्हा पसरट असतो. सेन्सर ०.१ मि.मी. चुकला, तर बिंदूऐवजी ०.१ ÷ २ = ०.०५ मि.मी. व्यासाची चकती पडते. एफ/८ वर शंकू निमुळता होतो आणि चकती ०.१ ÷ ८ = ०.०१२५ मि.मी.ची होते. ३५ मि.मी. फिल्मच्या छायाचित्रणात ०.०३ मि.मी.पर्यंतची चकती डोळ्यांना बिंदूच वाटते, असे धरण्याची रूढी आहे. तेव्हा पहिली चकती खटकेल, दुसरी खपून जाईल.

विजेवाचून चालणारी लेन्स

जुन्या लेन्सचा आणखी एक गुण म्हणजे तिचे स्वावलंबन. फोकसचे कडे तिच्यावर, छिद्राचे कडेही तिच्यावरच. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्याचा झेनिट-ई हा कॅमेरा पाहा. त्याच्यासोबत येणाऱ्या हेलिऑस-४४-२ या ५८ मि.मी.च्या लेन्सचे छिद्र हातानेच लहानमोठे करावे लागते. म्हणूनच ती आज कोणत्याही बिनआरशाच्या कॅमेऱ्यावर चालते. याउलट, विजेवर चालणाऱ्या नव्या लेन्सना पोकळ कडे लावले, तर छिद्र बदलण्याचा हुकूम त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

कॅमेऱ्याला मात्र लेन्स बसली आहे हे कळत नाही. म्हणून त्याच्या यादीतून ‘लेन्सशिवाय शटर चालू द्या’ अशा अर्थाची सूचना निवडावी लागते. शटरचा वेळ ठरवण्याचे काम कॅमेऱ्यावर सोपवता येते. कारण आलेला प्रकाश तो सेन्सरवरच मोजतो. हाताचा कंप सावरणारी योजना कॅमेऱ्यात असेल, तर तिला लेन्सचे नाभीय अंतर आठवणीने कळवावे. कॅमेरा ०.१ अंशाने हलला, तर ५० मि.मी.च्या लेन्सची प्रतिमा सुमारे ०.०९ मि.मी. सरकते आणि १३५ मि.मी.च्या लेन्सची ०.२४ मि.मी. चुकीचा आकडा दिला, तर सावरणेही चुकीचे होते.

येथे एका गैरसमजाचाही समाचार घेऊ. पुष्कळ डिजिटल कॅमेऱ्यांचा सेन्सर फिल्मच्या ३६ × २४ मि.मी. चौकटीपेक्षा लहान, सुमारे २४ × १६ मि.मी.चा असतो. अशा कॅमेऱ्यावर ‘५८ मि.मी.ची लेन्स ८७ मि.मी.ची होते’ असे म्हणतात. नाभीय अंतर हा भिंगांचा गुण आहे. तो सेन्सर पाहून बदलत नाही. प्रतिमा तीच आणि तेवढीच पडते. लहान सेन्सर तिचा फक्त मधला भाग टिपतो, म्हणून दृश्याचा कोन सुमारे ४१ अंशांवरून २८ अंशांवर येतो. खिडकी लहान केली म्हणून बाहेरचे झाड काही जवळ येत नाही.

जुन्या काचेच्या मर्यादा

जुने ते सारेच सोने नव्हे. हवा आणि काच यांच्या प्रत्येक सीमेवर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. हेलिऑससारख्या लेन्समध्ये अशा आठ सीमा असतात. लेप नसता, तर ०.९६ हा आकडा आठ वेळा गुणून येणारा, म्हणजे ७२ टक्के प्रकाशच पार गेला असता. उरलेल्यातला काही भाग आतल्या आत भटकून चित्र फिके करतो. १९३५ साली त्साइस कंपनीतील अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तन कमी करणाऱ्या पातळ लेपाची युक्ती शोधली. जुन्या लेन्सवर बहुधा असा एकच थर असतो, नव्यांवर अनेक. तेव्हा जुनी लेन्स वापरताना सूर्य समोर घेऊ नये आणि लेन्सपुढे काळी नळी लावावी.

आपल्याकडे त्याहून मोठा शत्रू आहे तो पावसाळा. कोकणातल्या दमट हवेत चामडी पिशवीत ठेवलेल्या लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढते आणि तिच्यातून निघणारी आम्ले लेप व काच कोरतात. लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवावी. जुनी लेन्स घेताना विजेरीचा झोत आरपार टाकून आत पाहावे. आरशाच्या कॅमेऱ्यावर बसवताना लेन्सचा मागचा भाग आरशाला आपटत नाही ना, याचीही आधी खात्री करावी.

करून पाहा

एखादी जुनी लेन्स मिळाली, पण ती कोणत्या कॅमेऱ्याची हे ठाऊक नसले, तर तिचे बैठक-अंतर शाळेच्या प्रयोगशाळेतच मोजता येते. खोलीत अंधार करा आणि एकच खिडकी उघडी ठेवा. लेन्स अनंतावर लावा, छिद्र पूर्ण उघडा आणि तिचे तोंड शंभरेक मीटरवरच्या झाडाकडे करा. लेन्समधून सूर्याकडे मात्र कधीही पाहू नका. लेन्सच्या मागे चौकटीवर ताणलेला ट्रेसिंग कागद धरून पुढेमागे सरकवा. झाडाची उलटी प्रतिमा अगदी रेखीव झाली की धातूच्या बैठकीपासून कागदापर्यंतचे अंतर व्हर्निअर कॅलिपरने मोजा. दहा वाचने घेऊन सरासरी काढा. झाड अनंतावर नाही, ही शंका मनात आली ना? ५० मि.मी.च्या लेन्ससाठी शंभर मीटरवर फरक पडतो २५०० ÷ १,००,००० = ०.०२५ मि.मी. तो खुशाल सोडून द्या.

सरासरी ४५ ते ४६ च्या दरम्यान आली आणि बैठकीजवळ ४२ मि.मी. व्यासाचे आटे दिसले, तर लेन्स एम-४२ची आहे असे समजा. आट्यांऐवजी फिरवून अडकवण्याच्या पाकळ्या असतील, तर वरच्या यादीतले आकडे पडताळून पाहा. दोन आकडे जवळजवळ असले, तर पाकळ्यांचा आकार आणि लेन्सवरचे नाव निर्णय देईल.

मग शेवटची वजाबाकी करा. उत्तर धन आले, तर ती लेन्स भंगारात टाकू नका. तिला फक्त तेवढ्या मिलिमीटर जाडीचे एक कडे हवे आहे.